टर्बो राहू दे, आधी कूलंट कुठं जातंय ते शोध

पत्र: काका, नमस्कार. मी जालन्याचा, वय २७. घरची सळयांची रोलिंग मिल आहे. मागच्या वर्षी पुण्याहून २०१७ ची ऑक्टेव्हिया आरएस २३० घेतली. ६२ हजार किलोमीटर झालेत. गाडीसाठी चार लाख रुपये बाजूला काढलेत आणि यादी केलीय : आधी मोठा टर्बो (आयएस ३८), मग मोकळा सायलेन्सर, मग उघडा कोन फिल्टर आणि शेवटी रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची फाइल बदलून ताकद वाढवणं). टायरला अजून नक्षी आहे, ब्रेकही लागतात, म्हणून ते नंतर. मे महिन्यात दुपारी समृद्धीवर दोन-तीनदा जोरात पळवली की गाडी मंदावते, त्यामुळं टर्बोच कमी पडतोय असं वाटतं. बाकी गाडी ठणठणीत आहे, फक्त महिन्याला थोडं कूलंट टाकावं लागतं. यादीचा क्रम बरोबर आहे ना?

— जालन्याचा एक वाचक

लेकरा, तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तू शेवटी लिहिलीस, तीही ‘फक्त’ म्हणून. महिन्याला कूलंट टाकावं लागतं ती गाडी ठणठणीत नसते. कूलंट बंद नळ्यांतून फिरतं, पेट्रोलसारखं संपत नाही. कमी झालं म्हणजे ते बाहेर तरी गळतंय किंवा इंजिनात तरी जळतंय. दोन्हींपैकी काहीही असो, त्याचा छडा लागेपर्यंत तुझी यादी घडी घालून ठेव.

या दोन लिटरच्या टीएसआय इंजिनात पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट एकाच प्लास्टिकच्या घरात बसवलेले असतात. ते प्लास्टिक वर्षानुवर्षं तापून थंड होत राहतं, सांध्यातलं सील कडक होतं आणि बारीक झिरप सुरू होते. थेंब जमिनीवर पडेपर्यंत वाळून जातो, म्हणून पार्किंगच्या फरशीवर काहीच दिसत नाही. सकाळी इंजिन गार असताना टॉर्च घे आणि इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली, गिअरबॉक्सच्या बाजूला उजेड टाक. तिथं गुलाबी-पांढरी पापडी धरलेली दिसली तर गळती सापडली असं समज. नाही दिसली तर प्रेशर टेस्ट करून घे. त्याला जास्त वेळ लागत नाही आणि चांगल्या गॅरेजात पंप असतोच. टाकीवर पातळीची खूण मार्करनं करून तारीख लिहून ठेव. आणि तोपर्यंत वरून बोअरचं पाणी ओतू नकोस. आपल्याकडच्या पाण्यात किती क्षार असतात ते गिझरचं कॉइल बाहेर काढलं की कळतं. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. कंपनीनं सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी, दुसरं काही नाही.

आता दुपारी मंदावण्याचं. ‘टर्बो कमी पडतोय’ असं तुला वाटलं, पण टर्बो लहान असता तर तो जानेवारीतल्या पहाटेही लहानच राहिला असता. गाडी पहिल्या झटक्याला पळते आणि तिसऱ्याला मंदावते, तेही मे महिन्यातच. म्हणजे हा उष्णतेचा खेळ आहे.

टर्बो हवा दाबतो, आणि दाबलेली हवा तापते. सायकलला पंपानं हवा भरताना पंपाची नळी हाताला गरम लागते, तेच इथं होतं. बाहेर ४२ अंश असताना टर्बोनं हवा दुप्पट दाबली की ती सहज १३० अंशांपर्यंत जाते. ती इंटरकूलरमधून निवून इंजिनात जायला हवी. पण एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर हे तिघं गाडीच्या तोंडाशी एकमेकांना चिकटून असतात. एसी फुल, खाली काँक्रीटचा तापलेला रस्ता, आणि तू लागोपाठ तीन वेळा पाय दाबलास. इंटरकूलरचं ॲल्युमिनियम स्वतःच तापून बसतं आणि मग हवेला थंड करणारं काही उरत नाही. गरम हवेत पेट्रोल वेळेआधी पेटायला बघतं, त्याला आपण नॉकिंग म्हणतो. इंजिनाचा कॉम्प्युटर ते ऐकतो आणि पिस्टन वाचवायला ठिणगी उशिरा पाडतो. ठिणगी उशिरा पडली की ताकद गेली. तुझी गाडी मंदावत नाही, ती स्वतःला जपतेय.

अशा गाडीत मोठा टर्बो बसवला तर अजून जास्त हवा, अजून जास्त दाबून, त्याच तापलेल्या इंटरकूलरमध्ये येईल. पहिला झटका जोरदार बसेल आणि दुसऱ्यालाच कॉम्प्युटर हात आखडता घेईल. तुमच्या मिलमध्ये वेग वाढवायचा ठरला तर तुझे वडील आधी मोटर मागवतील की रोलवर पडणारं पाणी पुरतंय का ते बघतील? त्यांना एकदा विचार. गाडीचा क्रम त्याच हिशेबानं लागतो. पुढं काय निकामी होणार आहे ते ओळखायचं, ते आधी भक्कम करायचं आणि मगच ताकद वाढवायची.

अंदाजावर जाऊ नकोस, मोज. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला लावायचा एक ॲडॉप्टर घे आणि फोनवर चार आकडे बघायला शिक : इनटेकच्या हवेचं तापमान, टर्बोकडून मागितलेला दाब आणि मिळालेला दाब, आणि प्रत्येक सिलिंडरला मागं ओढलेलं टायमिंग, म्हणजे ठिणगी किती उशिरा पाडली ते. बाहेरच्या हवेपेक्षा इनटेकची हवा १५-२० अंशांनी गरम असेल तर ठीक. जोर लावल्यावर ती ४० अंशांनी वर जाऊन तिथंच रेंगाळली तर इंटरकूलर थकलाय. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यांत फरक पडत असेल तर एखादी नळी किंवा क्लॅम्प ढिला असतो, आणि धूर सोडून केलेल्या तपासणीत तो लगेच सापडतो. कित्येक पोरं टर्बो बदलायला येतात आणि दोषी निघतो एक क्लॅम्प. रस्त्यावर फोन बघत गाडी हाणू नकोस. मित्राला शेजारी बसव, नाहीतर पुण्यात डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजायच्या यंत्रावर, एक सकाळ घालव. तो पहिला छापील कागद जपून ठेव. पुढं कुणी ‘साठ पीएस (ताकदीचं माप) वाढवले’ म्हणालं तर ते कशावर वाढवले, हे तुला विचारता आलं पाहिजे.

आता मी तुझ्याशी थोडं कडक बोलणार आहे. टायरला नक्षी आहे म्हणून टायर चांगला, हे डोक्यातून काढून टाक. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१७ असेल तर तो टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. गाडी आणि टायर एकाच वयाचे निघाले तर नक्षी कितीही असो, मी ते काढायला सांगेन. मराठवाड्याच्या उन्हात रबर उभ्या गाडीतही वाळतं. टायर वळवून कडेला नख दाब, मग नव्या टायरवर दाबून बघ, फरक बोटाला कळतो. सहा वर्षांपुढचा टायर माझ्या घरच्या गाडीला मी ठेवत नाही. नवे घेताना शेवटचं अक्षर बघ : व्ही म्हणजे २४० किलोमीटर वेगापर्यंत, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००. तुला डब्ल्यूच्या खाली जायचं नाही. गाडी तेवढी पळवायची म्हणून नव्हे, तर त्या टायरची बांधणी उष्णता जास्त सोसते म्हणून. हवा सकाळी, गाडी गार असताना, पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या तक्त्याप्रमाणं. समृद्धीवर टायर फुटल्याच्या बातम्या तू वाचतोसच. लांबच लांब सरळ काँक्रीट, मध्ये ब्रेक नाही, वळण नाही, टायर तासन्‌तास एकाच वेगात तापत राहतो. कमी हवेचा टायर तिथं सगळ्यात आधी दगा देतो.

ब्रेकचं तर मी स्वतः भोगलंय. साधारण वीस वर्षांपूर्वी माझ्याकडं एक जुनी टर्बो सेडान होती. हात शिवशिवत होते, पैसे कमी होते. मी आधी बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवला, ब्रेकला हात लावला नाही, कारण तेही ‘लागत’ होते. धाकट्या भावाला घेऊन कन्नडहून औट्रम घाट उतरत होतो, चाळीसगावकडं. पुढं ट्रक, मागं ट्रक. वरच्या सरळ पट्ट्यात मी दोनदा मस्ती केली होती. तिसऱ्या वळणाच्या अलीकडं पेडल मऊ झालं. पुढच्या दाबाला ते लोण्यात बोट जावं तसं खाली गेलं, पायाला काहीच लागेना. गाडीत जळलेल्या पॅडचा वास भरला होता. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक घालून गाडी थांबवली. भाऊ काहीच बोलला नाही, नुसता माझ्याकडं बघत राहिला. नंतर ब्रेक ऑइल काढलं तर ते चहाच्या उकाळ्यासारखं काळं होतं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा धरलेलं तेच ऑइल १५५ अंशांनाही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात आणि पेडल खाली जातं, पण चाकापर्यंत जोर पोचत नाही. गाव-शहरात ब्रेक छान लागतात, कारण तिथं ते इतके तापतच नाहीत. म्हणून ‘ब्रेक लागतात’ हे तुझं वाक्य मला पुरत नाही. मागच्या मालकानं ऑइल कधी बदललं याची नोंद नसेल तर कधीच बदललं नाही असं धर. डॉट ५.१ भर, ते २६० अंशांचं असतं आणि डॉट ४ च्या जागी चालतं. दर दोन वर्षांनी बदल. सोबत पुढचे पॅड चांगल्या प्रतीचे टाक, डिस्कची जाडी मोजून घे, रबरी नळ्या वाकवून तडे बघ. मोठ्या लाल कॅलिपरची तुला सध्या गरज नाही.

एवढं झालं की मग इंटरकूलर. आणि बदलण्याआधी तो धू! पुढचा बंपर काढला की जाळीच्या मागं काय काय निघतं ते एकदा बघ : किडे, प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा, कापसाचे धागे, आणि तुमच्याकडच्या मिलची ती बारीक काळी धूळ. पाण्याचा हलका फवारा आतून बाहेर मारायचा. प्रेशर वॉशर जवळ धरू नकोस, पाती दुमडतात. धुतल्यावर पुन्हा तापमानाची नोंद घे. तरीही आकडे वरच राहिले तर मोठ्या गाभ्याचा इंटरकूलर घे. तुझ्या सगळ्या यादीपेक्षा हा एकच भाग मराठवाड्यात जास्त उपयोगाचा आहे आणि तो तुझ्या यादीत नाही. युरोपातल्या थंड हवेत बसून लिहिलेल्या याद्यांत तो बराच खाली असतो. परभणी-नांदेडकडच्या उन्हाळ्यात तो वर यायलाच हवा.

कोन फिल्टर यादीतून काढून टाक. तो इंजिनाशेजारची गरम हवा ओढतो, म्हणजे जी लढाई आपण लढतोय तिच्या विरुद्ध बाजूनं उभा राहतो. शिवाय त्याच्या विरळ जाळीतून आत जाणारी धूळ टर्बोच्या पात्यांना पॉलिश पेपरसारखी घासते, आणि ती पाती मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतात. कंपनीची बंद पेटी ३०० पीएसच्या आसपासपर्यंत अडथळा होत नाही. तिच्यातला कागदी फिल्टर दर दहा हजारांना बदल, कापसाच्या हंगामात त्याही आधी.

तुझ्या गाडीला ६२ हजार झालेत. डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर ६० हजारांना बदलायचं असतं. झालंय का? पावती बघ. हा सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा गिअरबॉक्स साधारण ३५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे, आणि तुझं इंजिन कंपनीकडूनच ३५० देतं. म्हणजे कागदावर शिल्लक काहीच नाही. प्रत्यक्षात तो थोडं जास्त सोसतो, पण ताजं तेल असेल तरच, आणि रिमॅपच्या वेळी गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये क्लचचा दाबही वाढवून घेतला तरच. नुसतं इंजिन वाढवून गिअरबॉक्स तसाच सोडला तर क्लच घसरायला लागतात आणि मग चार लाखांतलं फारसं काही उरत नाही. नवे स्पार्क प्लग एक पायरी थंड घ्यावेत, फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर. दाब वाढला की रुंद फटीत ठिणगी विझते.

आणि आता, लेकरा, रिमॅप. तुझ्या यादीत तो शेवटी होता, माझ्या यादीत ताकद देणारा तो पहिला आणि बहुधा शेवटचाही. कुठलाही नट न फिरवता २३० पीएसची ही गाडी २८०-२९० च्या आसपास जाऊ शकते. अट एकच : फाइल आपल्या पेट्रोलवर आणि आपल्या हवेत बसवलेली हवी. जर्मनीत ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवर, २० अंशांत केलेली फाइल इथं तशीच भरली तर कॉम्प्युटर सारखा टायमिंग मागं ओढत बसतो. आपल्याकडं आता पंपावर सरसकट ई-२० मिळतं, ९५ ऑक्टेनचं. त्यातलं इथेनॉल नॉकिंगला चांगलंच आवरतं, पण त्याच ताकदीसाठी पेट्रोल जास्त लागतं, म्हणून पेट्रोलच्या दाबावर आणि मिश्रणावर ट्यूनरची, म्हणजे रिमॅप करणाऱ्याची, नजर हवी. ‘१०० ऑक्टेन टाकतो’ असं त्याला सांगू नकोस. जे तुला जालन्यात रात्री अकरा वाजताही मिळतं त्यावर ट्यून कर. मेच्या दुपारी ट्यून करून घेता आलं तर उत्तम. जो ट्यूनर नोंदी न घेता वीस मिनिटांत फाइल भरून पैसे मागतो, त्याच्याकडून उठून ये. आणि मूळ फाइलची प्रत स्वतःकडं ठेव.

रिमॅपनंतर थांब. एक उन्हाळा आणि एक पावसाळा गाडी तशीच चालव. इंजिन ऑइल साडेसात हजारांना बदल, कंपनीनं सांगितलेल्या मानकाचं. समृद्धीवरून आल्यावर टोलनाक्यापासून गाडी हळू आण म्हणजे टर्बो निवतो. पुन्हा नोंदी घे आणि कूलंटची खूण बघ.

मोकळा सायलेन्सर नकोच. त्यासाठी धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला की धूर आणि आवाज दोन्ही कायद्याबाहेर जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत असलेल्या मूळ बांधणीपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि कलम १८२-अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रिमॅपसुद्धा या प्रश्नातून सुटत नाही, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. तो केलास तर विमा कंपनीला लेखी कळव. न कळवलेल्या बदलावरून दावा अडकला तर नुकसान तुझ्या एकट्याचं नसतं. समोरच्या गाडीतल्या माणसाचंही असतं. उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगाही घेऊ नकोस. जालन्यापासून मंठ्यापर्यंत जाऊन ये, कारण कळेल. सस्पेन्शनचे जुने रबरी बुश बदलले तरी गाडी पुन्हा नवी असल्यासारखी वळते.

राहिला आयएस ३८. टर्बो वाईट नाही, चांगलाच आहे. पण तो एकटा येत नाही. त्याला मोठा डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारी नळी) लागतो, पेट्रोलच्या हाय प्रेशर पंपाची क्षमता तपासावी लागते, गिअरबॉक्सचे क्लच बदलायची तयारी ठेवावी लागते. चार लाखांत यातलं अर्धं होईल आणि अर्धवट गाडी गॅरेजात उभी राहील. शिवाय ती सगळी ताकद पुढच्या दोनच चाकांवर येते. समृद्धीवर मर्यादा १२० ची आहे, तिथवर तुझी गाडी आजही डोळ्याची पापणी लवेपर्यंत जाते. खरंच वेगाची ओढ असेल तर कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला एक वीकएंड काढ. तिथं पाचव्या फेरीला तुझे ब्रेक आणि टायर तुला माझ्यापेक्षा स्पष्ट सांगतील.

पैशाचं म्हणशील तर निम्मे टायर, ब्रेक, कूलंटची गळती आणि गिअरबॉक्सच्या तेलाला ठेव. उरलेल्यात इंटरकूलर आणि रिमॅप बसतात. थोडे हातात राहतील ते खर्चू नकोस. नऊ-दहा वर्षांची गाडी कधी काय मागेल सांगता येत नाही. ही ऑक्टेव्हिया २००१ पासून आपल्या शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यात जुळत आली, तुझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. त्यामुळं या इंजिनावर हात बसलेले जुने फिटर संभाजीनगरच्या चिकलठाणा-शेंद्रा भागात अजून आहेत. पहिली तपासणी त्यांच्यापैकी कुणाकडून तरी करून घे.

उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी टॉर्च घेऊन बॉनेट उघड. मॅनिफोल्डखालचा फोटो आणि चारही टायरवरचे आकडे मला पाठव. रिमॅपवाल्याशी त्यानंतर बोलू.